विचारणारीला सांभाळ, बयो

मोबाईलचा स्टँड आणि तो गोल दिवा नंतर घे गं. आधी आठवडाभर नुसते कान उघडे ठेव. जेटीवर लिलावाला उभ्या राहता, मासळी वाटून घेता, संध्याकाळी दारात टेकता, तेव्हा तुमच्या वाड्यातल्या बायका एकमेकींना काय विचारतात ते वहीत लिहून काढ. "मीठ किती लावलंस?" "सुरमईच्या तुकड्या तुझ्या एकसारख्या कशा पडतात?" "म्हाकुलाची शाई न फुटता कशी काढायची?" चॅनलला नाव काय देऊ म्हणून तू विचारतेस, ते राहू दे तूर्त. वही भरत आली की पहिले व्हिडिओ कोणते करायचे ते तुझं तुलाच दिसेल.

तुझी कल्पना मला मनापासून आवडली, हे आधीच सांगते, कारण पुढे मी बरंच काही टोकणार आहे. तुमचा मिरकरवाडा म्हणजे राज्यातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. तिथे जाळं शिवणारे म्हातारे तांडेल आहेत, बर्फाचा हिशेब डोक्यात ठेवणारी माणसं आहेत, सुक्या मासळीवर घर चालवलेल्या बायका आहेत. त्यांना जे येतं ते शिकायला पोरांना आता बोटीवर किंवा आईच्या शेजारी वर्षानुवर्षं बसायला वेळ नाही. ते व्हिडिओत धरून ठेवायचं, लोकांना एकत्र आणायचं, हे कुणीतरी करायलाच हवं होतं. तू करतेयस, बरं झालं.

पण एक गोष्ट मनात पक्की कर. व्हिडिओ टाकला म्हणजे कुणी शिकलं असं होत नाही. लोक बघतात, अंगठा दाखवतात आणि पुढच्या रीलवर जातात. एखादी घरी करून बघते, तिचं बिघडतं, ती धीर करून विचारते, तिथून शिकणं सुरू होतं. त्या वेळी तू तिच्याशी कशी वागतेस यावर तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा गट जगणार की नुसताच साठत जाणार हे ठरतं. म्हणून मी तुला कॅमेऱ्याबद्दल थोडं आणि विचारणाऱ्या बाईबद्दल जास्त सांगणार आहे.

खारवून सुकवायच्या बांगड्याचंच घे. तुझ्या काकीच्या हाताकडे एकदा नीट बघ. ती पाठीकडून चीर देते, मासा वहीसारखा उघडते, कल्ले आणि आतडी काढून टाकते, आणि मग अंगठा मणक्याच्या कडेने एकदा खसकन फिरवते. मणक्याला चिकटलेलं काळं रक्त त्या एका फटक्यात निघतं. धुतला की पुढचा मासा हातात. आता तिला म्हण, "काकी, काय काय केलंस ते सांग बघू." ती सांगेल, चिरला, साफ केला, धुतला, मीठ लावलं. अंगठ्याचं नावही काढणार नाही. ती काही लपवत नाही गं. इतक्या वर्षांत ते काम हाताच्या अंगवळणी पडलंय, तोंडापर्यंत येतच नाही. आणि घरी बसून बघणारी पोर ते रक्त तसंच ठेवते, तिच्या बांगड्याला चार दिवसांत वास मारतो, आणि ती म्हणते व्हिडिओ खोटा.

यावर उपाय आहे. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा प्रकल्प उभा केला. कॉम्प्युटरवरची मोफत सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठीसकट कितीतरी भारतीय भाषांत. त्यांची एक शिस्त मला फार पटते. रेकॉर्डिंगच्या आधी प्रत्येक धड्याची संहिता लिहिली जाते आणि ती नवख्या माणसाकडून तपासून घेतली जाते. ज्याला तो विषय मुळीच येत नाही अशा माणसाने नुसतं वाचून तसं तसं करून बघायचं. तो जिथे अडेल तिथे संहिता अपुरी. तज्ज्ञ कितीही मोठा असो, नवख्याला जमलं नाही तर धडा पुन्हा लिहायचा. तूही हेच कर. काकीने सांगितलेलं कागदावर उतरव आणि कधी मासा न चिरलेल्या एखाद्या पोरीला, कॉलेजात जाणाऱ्या तुझ्या भाचीलाच म्हण, तेवढ्या कागदावरून करायला लाव. ती अडेल तिथे काकीला परत विचार. असा अंगठा हुडकून काढावा लागतो.

मापाचंही तसंच. काकी "मूठभर मीठ" म्हणाली तर तिची मूठ तराजूवर घाल. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' घराघरात चालली त्यात वाटी-चमच्याच्या मापांचा वाटा केवढा मोठा होता, आठव. खारवायला साधारण तीन-चार किलो मासळीला किलोभर मीठ लागतं हे आकड्यात सांगितलंस, तर पुण्यात किंवा दुबईत बसलेली मुलगीही तसंच करू शकेल. अंदाज तिला नंतर आपोआप येईल.

कॅमेऱ्याबद्दल एवढंच सांगते. जाळं शिवायचा व्हिडिओ समोरून घेऊ नकोस. समोरून घेतला की बघणाऱ्याला तांडेलाचा उजवा हात डावीकडे दिसतो, आणि गाठ मनातल्या मनात उलटी करून घेण्यातच त्याचा जीव जातो. तांडेलाच्या खांद्यामागून, वरून घे, म्हणजे बघणाऱ्याला वाटेल हे माझेच हात आहेत. सुईत दोरा, आसाचं माप घ्यायची पट्टी आणि गाठ आवळणारं बोट, तिन्ही चौकटीत राहू देत. तांडेलाचा चेहरा नसला तरी चालेल. आणि जेटीवर बोलणं रेकॉर्ड करू नकोस, इंजिनं आणि वारा यापुढे काही ऐकू येत नाही. आवाज घरी बसून नंतर घाल. त्यात आणखी एक फायदा आहे. तुमच्या बोटींवर नेपाळहून आलेले खलाशी किती आहेत! चित्र तेच ठेवून त्यांच्यातल्याच एखाद्याच्या आवाजात नेपाळी बोल घातलेस, तर लाईफ जॅकेट कसं बांधायचं हे त्या पोरांना पहिल्यांदा त्यांच्या भाषेत कुणी सांगितलेलं असेल.

आता विचारणाऱ्या बाईकडे येते.

"ताई, माझं नाही जमलं." असा निरोप येईल. एवढाच. काय नाही जमलं, कुठे नाही जमलं, काही नाही. तुला वैताग येईल, दिवसभराच्या कामानंतर रात्री दहाला असा निरोप वाचून कुणालाही येतो. तरी "व्हिडिओत सगळं सांगितलंय, नीट बघ" हे वाक्य कधीही लिहू नकोस. तिला विचार, "व्हिडिओच्या कितव्या मिनिटापर्यंत तुझं तसंच होतं?" स्पोकन ट्युटोरियलवाल्यांकडे प्रश्न विचारताना धडा निवडायचा, मग मिनिट आणि सेकंद निवडायचा, आणि मग प्रश्न लिहायचा, अशी सोयच केलेली आहे. याने दोन गोष्टी होतात. विचारणारीला स्वतःलाच उमगतं की मी इथपर्यंत बरोबर होते, म्हणजे सगळं नाही चुकलं. तिचा धीर सुटत नाही. आणि तुला कळतं की याच मिनिटाला आधी आणखी दोघी अडल्या होत्या. मग दोष बायकांचा नव्हे, त्या मिनिटाचा. तेवढा तुकडा पुन्हा चित्रित कर. व्हॉट्सअ‍ॅपवर अशी सोय नाही, म्हणून गटाच्या माहितीतच लिहून ठेव, प्रश्न विचारताना व्हिडिओचं नाव आणि मिनिट लिहा, जमल्यास आपल्या कामाचा फोटो टाका. सुरुवातीला कुणी लिहिणार नाही. तू गोड बोलून विचारत राहा, महिन्याभरात सवय लागते.

उत्तर लगेच देऊ नकोस, हेही सांगते. तुला येत असलं तरी. गेल्या महिन्यात जी अशीच अडली होती आणि मग जिला जमलं, तिला वेगळा निरोप कर, "अगं, हे तुलाही झालं होतं ना? तू सांग तिला." तिने दिलेलं उत्तर तुझ्या उत्तरापेक्षा अर्धवट असेल. असू दे, राहिलेलं तू नंतर जोड. पण त्या दिवसापासून ती बाई गटाची झाली. माझ्या ओळखीच्या बचत गटांत जे व्हिडिओ-गट टिकले त्यांत उत्तर देणाऱ्या चार-पाच जणी तरी होत्या. जिथे एकटी ताईच सगळं सांगत होती तिथे ताईच्या घरी लग्न निघालं आणि गट बंद पडला.

बघणाऱ्यांना बोलतं कसं करायचं, तेही ऐक. रिकिन गांधी नावाच्या माणसाने बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये असताना २००६ साली 'डिजिटल ग्रीन' सुरू केलं. गावातल्याच शेतकऱ्याचा व्हिडिओ, गावातल्याच गटाला, छोट्या प्रोजेक्टरवर. पण दाखवणारी व्यक्ती मध्ये मध्ये व्हिडिओ थांबवायची, विचारायची, आत्ता तिने काय केलं? तुमच्याकडे हे मिळेल का? कोण करून बघणार? आणि नंतर खरंच कुणी केलं याची नोंद ठेवायची. सुरुवातीच्या चाचणीत नेहमीच्या शेती-मार्गदर्शनापेक्षा कितीतरी पट जास्त शेतकऱ्यांनी नवी पद्धत उचलली. त्यांचा आणखी एक अनुभव मला लाखमोलाचा वाटतो. व्हिडिओ लागला की बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न असायचा, ही बाई कोण, कुठल्या गावची? पद्धतीबद्दलचे प्रश्न नंतर. आपल्यासारखीच कुणीतरी करतेय म्हटल्यावर मग विश्वास बसायचा. तेव्हा तुमच्या वाड्याची बोली आहे तशी राहू दे. मराठी शुद्ध करायला जाऊ नकोस, कुणाला पडद्यामागून पुस्तकी वाक्यं वाचायला लावू नकोस.

आणि त्यांच्यासारखीच एक वही ठेव, कुणी करून पाहिलं त्याची. किती जणांनी पाहिलं हे यूट्यूब सांगेलच, त्याने हुरळू नकोस आणि खचूही नकोस. पाच हजारांनी बघितलेला आणि कुणी न केलेला व्हिडिओ माझ्या लेखी अजून पुरा झालेला नाही.

मात्र व्हिडिओतल्या बाईचं नाव-गाव सांगायचं ते तिला विचारून. वाड्यातल्या सगळ्याच बायकांना चेहरा दाखवायचा नसतो. काहींच्या घरात ते चालत नाही, काहींना स्वतःलाच नको असतं. दोन्ही कारणं सारखीच मानायची. हात दाखव, आवाज घे. कुणाला आवाजही नको असेल तर तू बोल. घरच्यांना आधी कानावर घातलेलं बरं, पुढची कटकट वाचते. पण होकार तिचाच हवा, तिच्या नवऱ्याचा नाही. आणि उद्या ती म्हणाली, "काढून टाक गं तो व्हिडिओ," तर त्याच दिवशी काढ. कारण विचारू नकोस. लाखभर लोकांनी पाहिलेला असला तरी काढ. ही एक गोष्ट वाड्यात पसरली की बायका तुझ्यासमोर निर्धास्त बसतील. आणि व्हिडिओखाली कुणी बायकांच्या दिसण्यावर, जातीधर्मावर काही लिहिलं तर वाद घालू नकोस, समजावत बसू नकोस, ते पुसायचं आणि लिहिणाऱ्याला बाहेर काढायचं. जी बाई तुझ्या शब्दावर कॅमेऱ्यासमोर बसली तिने ते वाचता कामा नये. रोज सकाळी हे काम आधी, चहा नंतर.

आता जिथे मी अजिबात सूट देणार नाही ते ऐक.

जखम, औषध आणि मासळीचं टिकवणं, या तीन विषयांवरचा कुठलाही व्हिडिओ जाणकाराने पाहिल्याशिवाय लावायचा नाही. बांगडा, तारली, कुपा ही मासळी बर्फाविना उन्हात राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं. मग ती शिजवा, तळा नाहीतर खारवा, ते जात नाही. खाणाऱ्याचं अंग लाल होतं, डोकं ठणकतं, उलट्या होतात. "थोडी नरम पडलेली मासळी मीठ लावून वापरा" असं कुणी प्रेमाने सांगेल, तू ते गटात जाऊ देऊ नकोस. केंड मासा साफ करून दाखवतो म्हणून कुणी आला तर सरळ नाही म्हण. त्याच्या विषावर उतारा नाही. पाकटाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं, हे खरं आहे. पण त्यासोबत गटात हळद, चुना, पेट्रोल असं काहीही येईल. हे सगळं एकटीने निवडत बसू नकोस. शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे, तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. तिथे जा, काय करतेयस ते सांग, महिन्यातून एकदा दोन-तीन व्हिडिओ बघून द्याल का विचार. शिकवणारी माणसं अशा कामाला सहसा नाही म्हणत नाहीत. जखमांसाठी एक डॉक्टर धर.

तसंच बेकायदा काम शिकवणारं काही नको. एलईडी दिवे लावून मासे गोळा करायची पद्धत दाखवणारा व्हिडिओ तुला कुणीतरी पाठवणारच, तो जोरात चालेलही. २०१७ साली केंद्राने त्यावर बंदी घातली आहे, आणि त्या दिव्यांनी लहान पिल्लं कशी ओढली जातात हे तुझ्या बाबांना विचार. पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांचं भांडण तर तुला ठाऊकच आहे. पर्ससीनवरच्या २०१६ च्या निर्बंधांनंतरही ते धुमसतंय. ते भांडण खरं आहे, पोटाचं आहे, त्यावर बोललंच पाहिजे, पण या गटात नको. इथे दोन्हीकडच्या घरातल्या बायका मासा चिरायला शिकणार आहेत. पहिल्या दिवशी नियम लिहून ठेव, आणि तुझ्या सख्ख्या भावाने मोडला तरी तोच नियम लाव. कुणाला टोकायचं असेल तर गटात चारचौघांत नको, फोन करून बोल. रात्री तर कुणालाच काढून टाकू नकोस, सकाळी बघ.

एकाच वेळी सगळं शिकवायला जाऊ नकोस. पाणी फाउंडेशनने २०१६ मध्ये पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली ती वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीनच तालुक्यांत. मुदत ४५ दिवसांची, काम एकच, पाणी अडवायचं. पाणलोटाचं तंत्र समजावणाऱ्या फिल्म्स होत्या, पण गावातली माणसं आधी प्रशिक्षणाला जाऊन हाताने करून आली होती, आणि गावोगाव लोक त्याच दिवसांत तेच करत होते म्हणून एकमेकांना विचारायला माणूस होता. तुझ्याकडे असा काळ आयताच आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. बोटी शाकारलेल्या, तांडेल घरी, जाळी ओट्यावर. त्या दोन महिन्यांत फक्त जाळं शिवणं घे. पहिल्या आठवड्यात सुई भरणं, मग साधी गाठ, मग फाटलेल्या जागेच्या कडा कापून सरळ करणं, मग तिथे नवे आस विणणं. प्रत्येकाने आपल्या गाठीचा फोटो टाकायचा. ऑगस्टात हंगाम सुरू झाला की कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो, गट गप्प होईल. होऊ दे. त्याचं मनाला लावून घेऊ नकोस आणि रोज सुप्रभात टाकून तो हलवत बसू नकोस. सुकवणीचे व्हिडिओ पावसानंतरच्या उन्हात, ऑक्टोबरपासून.

साहित्याचंही बघ. अरविंद गुप्तांनी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगणमधून मुलांना खेळणी करायला शिकवली, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. त्यांची पहिली प्रसिद्ध खेळणी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीची. जे कुठल्याही घरात, कुठल्याही टपरीवर मिळतं त्यातूनच शिकवायचं. तू महागडं ड्रायर यंत्र दाखवलंस तर बायका बघतील आणि गप्प बसतील. जुन्या जाळ्याचा तुकडा आणि बांबूची माची दाखवलीस, मासळी वाळूवरून उचलून कमरेइतक्या उंचीवर आणली, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी करेल.

यंत्रवाले येतील, बरं का. गट वाढला की मसालेवाले, यंत्रवाले, "आमचं नाव घ्या, एवढे देतो" म्हणणारे येतात. यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा मिळायला हजार सबस्क्राइबर आणि वर्षात चार हजार तास बघितलं जावं लागतं, तेही कधीतरी होईल. पैसे वाईट नाहीत, तुझा वेळ आणि डेटा फुकट येत नाही. पण वाटणी पैसे यायच्या आधी ठरव आणि कागदावर लिही. काकीच्या हातांनी चाललेल्या व्हिडिओचे पैसे आले तर काकीला किती? आत्ता विचारलंस तर ती हसून "मला काय करायचेत" म्हणेल. तरी लिही. नंतर हा प्रश्न नात्यांमध्ये येतो.

शेवटी चाव्यांचं. नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, 'आपली आजी', माहीत आहेत ना? नातवाने चित्रित केलेल्या रेसिपींनी आजी महाराष्ट्रभर पोचल्या, आणि २०२० च्या ऑक्टोबरात त्यांचं चॅनलच हॅक झालं. सुदैवाने काही दिवसांत परत मिळालं. तू आजच दोन टप्प्यांची सुरक्षा लाव, पासवर्ड भावाच्या फोनमध्ये टाकून मोकळी होऊ नकोस, आणि जिच्यावर तुझा पूर्ण भरवसा आहे अशी दुसरी बाई मालक म्हणून जोड. सगळे मूळ व्हिडिओ एका हार्ड डिस्कवर वेगळे ठेव. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या व्हिडिओत गाठ धूसर होते, ते जपून उपयोग नाही.

मे संपायच्या आत जाळ्याची पहिली संहिता लिहून काढ. तांडेलाला वाचून दाखव, आणि मग कॅमेरा लावायच्या आधी मला पाठव. मी आयुष्यात जाळं शिवलेलं नाही, तेव्हा नवखी मीच. सुई आणि दोरा मात्र पार्सलने पाठवायला विसरू नकोस, इथे कुठे मिळत नाही.